किल्ला कोणी करायचा?

सहामाही परीक्षा संपत आली की घरोघरी एकच चिंता सुरू होते : सुट्टीत मुलांना कशात गुंतवायचं? मग शिबिरांच्या जाहिराती चाळल्या जातात, ‘सगळं साहित्य आत’ असं लिहिलेली खोकी मागवली जातात, रंगकामाचा एक वर्ग, मातीकामाचा एक वर्ग असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटतं. या धडपडीमागे माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मुलं कुठेतरी गुंतली की मोठे मोकळे, असा हिशोब त्यात नकळत धरलेला असतो, आणि घरानं मिळून काही करण्यातली गंमत त्या हिशोबातच मरते.

माझं म्हणणं साधं आहे. घरातला खेळ, घरातली कलाकुसर मोठ्यांनी आधी स्वतःच्या हौसेनं करावी आणि मुलांना त्यात बरोबरीचे भागीदार करून घ्यावं. ज्या कामात मोठ्या माणसाचा जीव रमत नाही, ते मुलाला फार वेळ मजेचं वाटत नाही. बाबा आपल्याबरोबर बसलेत की आपल्यापाशी बसलेत, हा फरक चार वर्षांच्या मुलालाही बरोबर कळतो.

दिवाळीच्या किल्ल्याचं उदाहरण घेऊ. दिवे, फराळ, फटाके देशभर आहेत. मातीचा किल्ला मुख्यतः मराठी घरांचा, मग ते घर नाशिकचं असो की बेळगावचं. जुन्या विटा, फुटकी कुंडी, सापडतील ते दगड रचून ढाचा उभा करायचा आणि त्यावर भिजवलेलं गोणपाट पसरायचं. गोणपाट पडलं की डोंगराच्या घड्या आपसूक दिसायला लागतात : इथे सोंड, इथे घळ, इथे कडा. मग चाळलेल्या मातीचा चिखल थापायचा. तो पातळ झाला तर ओघळतो, घट्ट झाला तर वाळल्यावर भेगाळतो. नेमका किती ओला हवा हे हातालाच शिकावं लागतं. वरून हळीव नाहीतर मोहरी भुरभुरायची. हळीव भिजलं की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतं, म्हणून ते उभ्या उतारावरही टिकतं. मोहरी मात्र घरंगळत पायथ्याशी जमा होते, आणि चार दिवसांनी माथा उजाड नि तळाशी जंगल असा देखावा तयार होतो. सह्याद्रीच्या कित्येक डोंगरांवर असंच दिसतं. हे लक्षात आलेलं मूल पुढच्या सहलीत डोंगराकडे वेगळ्या नजरेनं पाहतं.

मग कारंजं. किल्ल्यावर कारंजं हवंच, असा मुलांचा हट्ट असतो आणि त्यासाठी सलाइनची नळी पैदा केली जाते. बादली खिडकीच्या कठड्यावर ठेवायची, नळी मातीखालून फिरवून तळ्यात वर काढायची. बादली जितकी उंच तितकं पाणी जोरात उडतं. पण कितीही खटपट केली तरी ते बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर जात नाही. का जात नाही, यावर घरातल्या सगळ्यांचं एकदा तरी भांडण व्हायला हवं. विज्ञानाच्या पुस्तकातला दाब तिथे नळीतून फुसफुसत बाहेर पडत असतो. मधेच हवेचा बुडबुडा अडकला की कारंजं बंद पडतं आणि नळी तोंडाने ओढावी लागते. हे काम बहुधा मामाकडे येतं.

आणि दरवाजा. मूल पहिल्यांदा किल्ला करतं तेव्हा दरवाजा समोर, मधोमध, राजवाड्यासारखा करतं. तिथे मोठ्या माणसानं एवढंच विचारावं : मी शत्रू असतो तर? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. वळून आत शिरावं लागतं, आणि त्या वळणात वरून मारा झेलावा लागतो; दार फोडायला हत्तीला धाव घ्यायलाही जागा मिळत नाही. या रचनेला गोमुखी म्हणतात. चिखलाचे दोन बुरूज एकमेकांना वळसा घालून उभे करताना मुलाला जे उमगतं, ते इतिहासाच्या तासाला फळ्यावर काढलेल्या आकृतीतून उमगत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले; त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. या बारांतला यंदा कोणता करायचा, एवढ्यावर दसऱ्यापासून चर्चा रंगू शकते. राजगड घ्यायचा तर तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला. त्यात संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी चिखलात करून दाखवणं मोठ्यांनाही घाम फोडणारं आहे.

आता बाजारातल्या तयार किल्ल्याकडे पाहू. तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो, रंगवलेला असतो, दरवाजा नेमका मधोमध असतो. घरी आणून गॅलरीत ठेवायचा, पायऱ्यांवर मावळे मांडायचे, की झाला किल्ला. कोणी तो का आणतं हे मला कळतं : अंगण नाही, माती नाही, सोसायटीत चिखल चालत नाही, सुट्टी तीन दिवसांची. अडचणी खऱ्या आहेत. पण त्या किल्ल्याबरोबर घरात काय येत नाही, हेही पाहायला हवं. ढाचा कोसळत नाही, म्हणून तो पुन्हा रचावा लागत नाही. कारंजं का उडत नाही यावर डोकं खाजवावं लागत नाही. बाजारातून आणलेला मावळा बुरुजापेक्षा उंच निघाला तर बुरूज वाढवायचा की मावळा लांबच्या कड्यावर उभा करायचा, हा वाद होत नाही. कुटुंबाचा सगळा आनंद या अडचणींत होता आणि आपण पैसे मोजून नेमक्या त्याच काढून टाकल्या.

‘तयार साहित्याच्या’ खोक्यांबद्दल माझा आक्षेप हाच आहे. त्यात तुकडे मोजून दिलेले असतात, ते कसे जोडायचे हे चित्रासह दिलेलं असतं, आणि शेवटी काय दिसायला हवं तेही झाकणावर छापलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त आज्ञापालन. खोक्यावर ‘सर्जनशील’ असं लिहिल्याने त्यात फरक पडत नाही.

आपल्याकडे याचा फार आधी आणि फार खोल विचार झालेला आहे. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि मुलांच्या जगाशी त्यांचं नातंही नव्हतं. म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट शिकतो : मुलासमोर ठेवायची वस्तू त्याच्या परिसरातली असली की तो ती मोडू शकतो, बदलू शकतो, आणि संपली तर बाहेर जाऊन आणखी आणू शकतो. हरवलेल्या तुकड्यापायी खेळ अडत नाही.

अरविंद गुप्ता यांनी हीच वाट विज्ञानात चोखाळली. आयआयटीत शिकलेले हे अभियंते सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी आकृत्या बांधायला सुरुवात केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली शेकडो खेळणी जगभर पोचली. त्यांतला सर्वांत साधा प्रयोग घरी जरूर करून पाहा. काड्यांचा गूल खरवडून टाका, नळीचे बारीक तुकडे कापा, तीन काड्या नळीच्या सांध्यांनी जोडून त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन करा. दोन्ही बोटांनी दाबा. चौकोन लगेच कलंडून तिरका होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग गच्चीवरच्या मोबाइलच्या मनोऱ्यात, रेल्वेच्या पुलात, छपराच्या कैचीत इतके त्रिकोण का असतात हे विचारावं लागत नाही. पुढच्या प्रवासभर मूल खिडकीतून त्रिकोण मोजत बसतं. खर्च काडेपेटीचा आणि वीतभर नळीचा.

साहित्याइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा आहे तो मोठ्यांचा वावर. बहुतेक घरांत मोठे खेळाच्या काठावर उभे असतात. कोणी देखरेख करतं : चिखल भिंतीला लागला, पाणी वाया चाललंय. कोणी शिकवतं : दर पाच मिनिटांनी ‘यातून आपण काय शिकलो?’ कोणी फोटो काढतं, आणि चांगला फोटो यावा म्हणून अर्धवट किल्ल्यावर घाईघाईत भगवा रोवला जातो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचं पहिलं लक्षण सांगितलं ते हे की तो स्वेच्छेनं होतो. हुकुमावरून केलेला खेळ हा खेळ राहत नाही. हे लक्षण आपण मुलांच्या बाबतीत मान्य करतो, पण ते मोठ्यांनाही तितकंच लागू आहे. कर्तव्य म्हणून खेळणारा बाप खेळत नसतो, आणि त्याच्यासमोरचं मूलही मग खेळत नाही; दोघंही एकमेकांचं मन राखत असतात.

मुद्दाम हरणं हा याचाच एक प्रकार. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन या खेळांत आजी, नातू आणि बाबा खरोखर बरोबरीचे असतात. झब्बूत आजीवर गड्डी चढली की नातवाला होणारा आनंद खरा असतो. बाबा पान दाबून ठेवून मुद्दाम हरले की तो आनंद खोटा पडतो, आणि मुलाला ते बहुधा कळतंच. मूल लहान असेल तर सोपा खेळ निवडा, पण जो निवडाल तो मनापासून खेळा. हरून रुसलेल्या मुलाची समजूत काढणं अवघड असलं तरी घरातच ते शिकायचं असतं, कारण बाहेर कोणी समजूत काढत नाही.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण या विषयावरच्या बहुतेक लिखाणात ती झाकली जाते. घरात काही उपक्रम करायचा म्हटलं की त्याचं ओझं आईवर पडतं. गोणपाट शोधायचं तिनं, माती आणवायची तिनं, फरशी पुसायची तिनं, आणि त्याच हातांनी चकलीचं पीठही मळायचं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करत होत्या आणि त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांत असं काम करणारे २६.१ टक्के होते आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं होती. हे आकडे समोर ठेवून ‘कुटुंबानं एकत्र वेळ घालवावा’ असा उपदेश करणं म्हणजे त्या २९९ मिनिटांत भर घालायला सांगणं आहे. म्हणून ‘किल्ला कोणी करायचा’ या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर : बाबांनी. माती आणण्यापासून दिवाळीनंतर ती कुंड्यांत भरून गॅलरी धुण्यापर्यंत. आईला यायचं असेल तर तिनं चिखल थापायला यावं, खेळायला यावं. चहा घेऊन नव्हे.

बायकांच्या खेळाची तर आपल्याकडे केवढी समृद्ध परंपरा आहे, आणि ती घरातलीच आहे. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्या, विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाई, नवरात्रातला भोंडला. भोंडल्याचा शेवटचा भाग मला सर्वांत कल्पक वाटतो : खिरापत ओळखणं. डबा झाकलेला, कोणी तो हलवून आवाज ऐकतं, कोणी वास घेतं, गोड की तिखट, कोरडी की ओली असे प्रश्न विचारतं. यजमानीण एरवी कोणी करणार नाही असा पदार्थ मुद्दाम शोधून करते. हा खेळ भोंडल्यापुरता कशाला ठेवायचा? रविवारी संध्याकाळी घरातल्या एकानं डब्यात काहीतरी लपवावं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखावं, यात मुलगे आणि पुरुषही बसू शकतात. खिरापत करण्याची पाळी त्यांच्यावरही यावी.

जागा नाही, ही अडचण मी मान्य केली. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो शिवकालातच सापडतो. सगळे किल्ले डोंगरावर नसतात. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग गॅलरीतल्या एका घमेल्यात मावतो. घमेल्यात पाणी, मधे मातीचं बेट, कडेनं नागमोडी तट, तटात लपवलेला दरवाजा. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी विसरू नका. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, हा प्रश्न मुलाला पडतोच, आणि तो पडला की घमेल्याचा आकार आड येत नाही. मातीचा थर पाण्यात विरघळून तट ढासळतो तेव्हा सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं ही माहिती पहिल्यांदा खरी वाटू लागते.

वेळ नाही, ही अडचण जास्त कठीण आहे. दोघंही कामावर जाणारे, प्रवासात दोन-तीन तास जाणारे आईबाप रोज काय करणार? रोज करू नका. मोठ्या प्रकल्पांची अपेक्षाच सोडा. एक काम अर्धवट ठेवायची परवानगी घराला द्या. आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा एका रविवारी बांधावा, तो आठवडाभर कपाटावर राहावा, पुढच्या रविवारी खळ शिजवून पतंगी कागद चिकटवावा, शेपट्या त्याच्या पुढच्या. अर्धवट कंदील घरात दिसत राहिला की येता-जाता त्यावर बोलणं होतं, आणि ते बोलणंही खेळाचाच भाग आहे. पुरं झालेलं दाखवण्याची घाई आपण फोनमुळे लावून घेतली. मुलांना तशी घाई नसते.

पडद्याविषयी दोन शब्द. मोबाइलला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा घराबाहेर पडणंच बंद झालं, तेव्हा त्याच फोनवर लांबच्या आजीशी भेंड्या रंगल्या. पण मोठ्यांनी फोन हातात ठेवून मुलांना ‘काहीतरी क्रिएटिव्ह कर’ म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या तासात किल्ला आहे त्या तासात घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत, सर्वांत आधी मोठ्यांचे. याहून सौम्य नियम मला सुचत नाही.

शेवटचा आणि कळीचा मुद्दा हक्काचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम मुलाचा विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळाचा हक्क मान्य करतं. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. म्हणजे खेळ हे गृहपाठ पूर्ण केल्याबद्दलचं बक्षीस नाही, आणि गुण कमी पडले म्हणून काढून घ्यायची वस्तूही नाही. दिवाळीच्या सुट्टीत शिकवणीचे जादा तास लावून किल्ल्याला अर्धा दिवस देणाऱ्या घरांनी हे कलम एकदा वाचावं. किल्ल्यातून भूगोल, इतिहास, विज्ञान सगळं येतं हे मी वर तपशिलात सांगितलं, आणि तरीही म्हणतो की त्यासाठी किल्ला करू नका. चिखलात हात घालायला बरं वाटतं, म्हणून करा. तेवढं कारण पुरेसं आहे.

तेव्हा वसुबारसेला आठवडा उरला असताना, एका रविवारी, बाबांनी जुने कपडे घालावेत आणि मुलांना घेऊन पोतंभर माती आणावी. रोपवाटिकेत ती मिळते. किल्ला कोणता, दरवाजा कुठे, कारंजं हवं की नको हे मुलांशी भांडून ठरवावं. चिखल सुकायच्या आत हळीव पेरावं. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि धनत्रयोदशीपर्यंत डोंगर हिरवा होतो. पाणी फवारायची पाळी लावा, आणि त्या यादीत मोठ्यांचीही नावं घाला.